साक्षीदार मेला पाहिजे

"आज कौन गया?"

सकाळी फार्मच्या फाटकाशी सायकल टेकवली की ढमढेरे साहेबांचा पहिला प्रश्न हा असायचा. जमादार काशीराम हात जोडून सांगायचा, "साहब, इधर की पूरी लाइन लेट गई," आणि साहेबांचा चेहरा खुलायचा. "कोई नहीं गया," असं उत्तर आलं तर मात्र दिवसभर त्यांच्या वाटेला जायची कोणाची हिंमत होत नसे. नोकरीच्या पहिल्याच सकाळी मी हा संवाद ऐकला आणि मनात म्हटलं, उभं पीक मेल्याचा ज्याला आनंद होतो असा माणूस शेतकी खात्यात पगार घेतो आहे, म्हणजे खात्याचं कल्याणच आहे.

त्र्यंबकराव ढमढेरे पिकांच्या रोगांचे तज्ज्ञ होते आणि मी नवे वाण तयार करणारा. दोघांचं पीक एकच, अळशी. दक्षिणेत तिला जवस म्हणतात. ग्वाल्हेरच्या आसपास अळशीवर एक रोग पडतो. मराठीत तो मर, इथले शेतकरी त्याला उकठा म्हणतात. बुरशी मातीत दबा धरून बसते, मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाण्याच्या वाटा आतून बुजवून टाकते. ओलीत उभं असलेलं झाड तहानेनं मरतं. त्याच्यावर आमच्याकडे औषध नव्हतं. उपाय एकच होता, या मातीतही जगेल असा वाण शोधायचा. आणि तो शोधायचा तर आधी अशी माती हवी, जिच्यात कच्चं असेल ते खात्रीनं मरेल.

ती माती ढमढेरे साहेबांनी तयार केली होती. फार्मच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पाऊण बिघ्याचा एक तुकडा होता. शहाणा शेतकरी पिकांची फेरपालट करतो, रोगानं मेलेली झाडं उपटून जाळतो. हे बरोबर उलटं करत. दरवर्षी तिथं अळशीच. मेलेली झाडं तिथंच गाडायची. भिंड-मुरैनेकडच्या गावांतून उकठ्यानं गेलेल्या अळशीच्या मुळ्या पोत्यांत भरून आणायच्या आणि त्याही तिथंच कालवायच्या. दहा-बारा वर्षं हा उद्योग चालला होता. एखादी बाई विरजण जपते तशी त्यांनी ती बुरशी जपली होती. इंग्रजीत अशा जमिनीला 'सिक प्लॉट' म्हणतात. साहेब तिला आजारी वावर म्हणत. मजूर तिला सरळ मरघट म्हणत, म्हणजे स्मशान.

दिसायला साहेब रोगाबिगातले वाटतच नसत. सहा फूट उंच, पाठ ताठ, मिशा कानाकडे वळलेल्या. त्यांचं घराणं शिंदेशाहीबरोबर दख्खनेतून आलेलं, तलवारबहाद्दरांचं. "आमचे आजोबा पागेत होते," ते सांगत, "घोडं हाताबाहेर गेलं की गोळी घालायचे. मी आजारी शेत पोसतो. वडील म्हणायचे, त्र्यंबकनं घराण्याचं नाव डुबवलं." फार्मवरचे हिंदी बोलणारे कारकून त्यांच्या पाठीमागे त्यांना ढमढम साहब म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एका कारकुनाच्या तोंडून ते समोरच निसटलं, तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितलं की ढोल वाजवणारे ढमढम निराळे, आम्ही ढमढेरे, आणि त्याला आडनाव दहा वेळा म्हणायला लावलं.

मरघटाचा एक कडक नियम होता. आपल्याकडे घरात येताना पाय धुतात. साहेब शेतातून जाताना धुवायला लावत. बांधावर पाण्याचं पिंप, लोटा आणि ब्रश ठेवलेला असे. मातीचा कण बाहेर गेला तरी बुरशी शेजारच्या निरोगी शेतात जाणार, म्हणून प्रत्येकानं पाय, जोडे, कुदळी घासून धुवायच्या. मजुरांना यात काही वावगं वाटलं नाही. मरघटातून आल्यावर माणूस अंघोळ करतोच, त्यात समजवायचं काय, असं काशीरामचं म्हणणं. अडचण व्हायची ती मोठ्या माणसांची. मध्य भारत राज्याच्या काळात एक मंत्री फार्म बघायला आले, तेव्हा साहेबांनी लोटा त्यांच्याही पुढे केला. मंत्र्यांनी हसून पाय पुढे केला. साहेब स्वतः वाकले, पण ब्रश त्यांनी मंत्र्यांच्याच हातात दिला. "आप घिसिए, मैं पानी डालता हूँ." मंत्र्यांनी बिचाऱ्यांनी घासले जोडे.

त्या वावरात पेरणीचीही एक रीत होती. नव्या वाणाच्या दोन ओळी, मग एक ओळ बाजारातल्या साध्या, रोगाला हमखास बळी पडणाऱ्या अळशीची. पुन्हा दुसऱ्या वाणाच्या दोन ओळी, पुन्हा एक ती. या साध्या अळशीच्या ओळीला साहेब साक्षीदार म्हणत. साक्षीदार मेला तर माती आजारी आहे हे सिद्ध. मग त्याच्या शेजारी जो जगला तो खरा जगला. साक्षीदारच हिरवागार उभा राहिला तर सगळी परीक्षा खोटी. "साक्षीदार मेला पाहिजे, करमरकर, तेव्हाच साक्ष खरी," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की घरी मीही ते झोपेत बरळतो अशी बायकोची तक्रार होती.

साक्षीदाराचं बी ते स्वतः दाल बाजारातून आणत. एकदा मी बरोबर होतो. दुकानदारानं टपोरी, चकचकीत अळशी पुढे ठेवली. साहेब म्हणाले, "ये नहीं. जो सबसे पहले मर जाए, वो दो." दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतंय. आमच्याकडे तसला माल नसतो, असं तो ताठ्यानं म्हणाला. साहेबांनी त्याची समजूत घातली, "रहता है, सेठजी. पिछले साल आप ही के यहाँ से ले गया था. एक भी नहीं बची." त्यांच्या मते ही मालाची तारीफ होती. त्या दुकानात आम्हांला पुन्हा कधी कोणी बसा म्हटलं नाही.

त्यांच्याशी माझी मैत्री काही सुखासुखी झाली नाही. पहिल्या तीन हंगामांत त्यांनी माझा प्रत्येक वाण मारला. मी पहाटेपासून बसून चिमट्यानं एकेक कळी उघडायची, या झाडाचा पराग त्या झाडाला लावायचा, पिढ्या वाढवायच्या, आणि थंडीत या गृहस्थांनी येऊन सांगायचं, "करमरकर, तुमची पोरं बिल्कुल नाजूक निघाली. सगळी गेली." आवाजात दुःखाचा मागमूस नाही. मी धुमसायचो. मग ते मेलेलं झाड उपटत, खोड नखानं चिरून आतली तपकिरी रेघ मला दाखवत आणि म्हणत, "गुस्सा नका करू. इथं मेली हे बरं झालं. गावात मेली असती तर?"

चौथ्या हंगामात माझा एक वाण जगला. दोन्ही अंगांचे साक्षीदार वाळून काड्या झाले होते आणि मधल्या दोन ओळी निळ्या फुलांनी भरल्या होत्या. साहेब त्या दिवशी नुसते त्या ओळींमधून इकडून तिकडे फिरत राहिले. पुढच्या वर्षी तो वाण पुन्हा जगला. मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. "दोन्ही वर्षं थंडी कडाक्याची होती. साक्षीदाराला मारण्यापुरता बुरशीला जोर होता, पण ऊब कमी पडली असेल. तिसऱ्या वर्षी जगला तर पेढे मी आणीन." त्या एका वर्षावर माझी आतापर्यंतची सगळी मेहनत टांगलेली होती. तीन वर्षं आजारी वावरात काढल्याशिवाय साहेब वाणाला पास करत नसत, आणि त्यांनी पास केल्याशिवाय बी गावात जात नसे.

तिसरं वर्ष यायचं होतं, तेवढ्यात राज्य बदललं.

साहेबांना हे नवं नव्हतं. ते दरबारच्या चाकरीत लागलेले. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, तेव्हा कोणाची नोकरी किती वजनाची हे ठरवणं सुरू झालं, आणि संस्थानी नोकर म्हणून त्यांना दोन पायऱ्या खाली बसवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले त्यांचे वरिष्ठ झाले. दाद मागावी तर राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, फायलीही तिच्या मागोमाग. "माझा अर्ज इंदूरला हवा खायला गेला आहे," साहेब म्हणत. अपमान गिळायचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाटी बदलते, माती बदलत नाही." त्यांचा राग असा वाक्यात जिरायचा. माझा जिरला नाही, आणि अजून जिरलेला नाही.

मग पुनर्रचना झाली. मध्य भारत पुसला गेला, मोठं नवं राज्य आलं, राजधानी तिसऱ्याच गावी गेली. निरनिराळ्या मुलखांची खाती एका भांड्यात ओतली गेली. कागद हिंदीत करायचे ठरलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोण्या विद्वानानं 'सिक प्लॉट'चं 'रुग्ण भूमि' करून टाकलं. वर कोणीतरी ते वाचलं आणि त्याला पाझर फुटला. ग्वाल्हेरच्या फार्मवर सरकारी जमीन वर्षानुवर्षं आजारी पडली आहे आणि तिला कोणी औषधपाणी करत नाही, असा त्याचा समज झाला. ताबडतोब उपचार मंजूर झाले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी नुसती गंमत असती तर मी हसून सोडून दिलं असतं.

उपचार म्हणजे काय, तर वरची हातभर माती खणून काढायची, तिथं कालव्याचा गाळ भरायचा, चुना टाकायचा आणि पावसाळाभर पाणी तुंबवून ठेवायचं. हे करवून घ्यायला नवे उपसंचालक आले. दुसऱ्या विभागातून आलेले, तरतरीत, कामाचा उरक दांडगा. माणूस वाईट नव्हता. फक्त इथं यायच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं की संस्थानातली माणसं झोपाळू. अळशीवाले सगळे आळशी. साहेबांनी त्यांना वावर दाखवलं, बुरशी, साक्षीदार, सगळं तासभर समजावून सांगितलं. परत निघताना बांधावर लोटा पुढे केला. उपसंचालक लाल झाले.

"मैं क्या श्मशान से आ रहा हूँ?"

"जी हुज़ूर," काशीराम मागून अदबीनं म्हणाला.

जे काही सावरायचं होतं ते तिथंच बिघडलं. कार्यालयात आल्यावर उपसंचालकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "आप ग्वालियर वालों से राजा तो छूट गया, रोग नहीं छूटता." एवढं ऐकूनही साहेबांनी विनवणी केली. सगळं नको, एक कोपरा तरी राहू द्या. पण मंजुरी जमीन पूर्ण बरी करण्याची होती. कोपऱ्यात आजार शिल्लक राहिला तर काम पूर्ण झालं असं वर कसं कळवणार? असं वावर पुन्हा उभं करायचं तर दहा वर्षं लागतात आणि आपल्या निवृत्तीला चार उरली आहेत, हेही त्यांनी सांगून पाहिलं. उपसंचालकांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला.

जेठाच्या उन्हात खणायला सुरुवात झाली. ती माती टोपल्यांनी बैलगाड्यांत चढत होती आणि नव्या क्वार्टरांमागच्या खड्ड्यात जाऊन पडत होती. मला वाटलं, साहेब त्या दिवशी रजा टाकतील. ते आले. डोक्याला पंचा गुंडाळून फाटकाशी उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं त्यांनी समोर उभं राहून धुऊन घेतली. त्यांचं आयुष्यभराचं काम उचलून नेत होते आणि हा माणूस ते नेणाऱ्या गाड्यांची चाकं धूत होता. का, तर वाटेतल्या शेतांना रोग लागू नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पसरू द्या की सगळीकडे, एकदाची यांची खोड मोडेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं ब्रश उचलला.

दिवाळीनंतर उपसंचालकांनी त्याच जागी नेहमीसारखी पेरणी करवली. साहेबांनी विरोध केला नाही; बघू या, म्हणाले. माघात ते वावर निळंशार झालं. माझा वाण जगला. बाकीचे सगळे वाण जगले. आणि साक्षीदारही जगला. दाल बाजारातली ती मरतुकडी अळशी सगळ्यांच्या वर मान काढून डुलत होती. उपसंचालकांना आकाश ठेंगणं झालं. ग्वाल्हेर फार्मचे सगळेच्या सगळे वाण उकठ्याला पुरून उरतात, असा अहवाल तयार झाला. त्याच्याखाली रोगतज्ज्ञाची सही हवी होती. आम्हां दोघांना बोलावणं आलं.

"साहब, गवाह ज़िंदा है," ढमढेरे साहेब म्हणाले.

"तो अच्छी बात है न?"

"तो मुक़दमा ख़ारिज है."

उपसंचालकांनी आधी गोडीनं सांगितलं, मग धाकानं. साहेबांचं म्हणणं एकच, की तुम्ही बऱ्या केलेल्या मातीत कोणीही जगेल, पण गावांतली माती कोणी बरी केलेली नाही. मग मोर्चा माझ्याकडे वळला. तुमचा वाण तर आधीची दोन वर्षंही जगला आहे, तुमची काय हरकत? मी सांगितलं, त्याची परीक्षा अपुरी आहे, माझा वाण मागे घ्या. यावर मला कळवण्यात आलं की वाण खात्याचा आहे, माझ्या बापाचा नाही. हिंदीत ते आणखी झोंबलं. शेवटी सही दुसऱ्या कोणीतरी केली; सही करणारे कुठंही मिळतात. साहेबांची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भाताच्या मुलखात झाली. ज्या माणसानं अळशीच्या एका रोगात उमर घालवली त्याला खाचरांवर देखरेख करायला पाठवलं, आणि हे शिक्षा म्हणून नव्हे, सोय म्हणून केलं असं सांगण्यात आलं. त्यांच्या निरोपाला चार हार आणावेत एवढंही कोणाला सुचलं नाही. काशीराम तेवढा स्टेशनवर आला होता.

वाण मात्र गावोगाव गेले. सगळेच पास झालेले, मग वेगळे ठेवायचे कशाला, म्हणून गोदामात सगळ्यांचं बी एका ढिगात ओतलं आणि पोत्यांवर एकच शिक्का मारला. पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी ऐन फुलोऱ्यात शेतं जागोजाग वाळायला लागली. मी मुरैनेकडच्या एका गावी गेलो. वाटलं होतं शेतकरी अंगावर येईल. त्यानं शेतातून एक वाळलेलं आणि एक हिरवं अशी दोन झाडं उपटली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "दोनों एक ही बोरी के हैं, साहब. इनमें आपका कौन सा है?" मला सांगता आलं नाही. त्या वर्षीच्या अहवालात दोष हवामानाला दिला होता.

निवृत्त होऊन साहेब ग्वाल्हेरच्या लष्कर भागात परतले ते दमा घेऊनच. सराफा बाजारामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या थंडीत मी भेटायला गेलो, तेव्हा ढमढेरे काकू त्यांच्या पाठीशी उशा लावत होत्या. साहेबांनी काशीरामची चौकशी केली, फार्मवर आता काय पेरतात ते विचारलं. मग इतकी वर्षं घशाशी अडकलेलं मी विचारून टाकलं. साहेब, माझा वाण चांगला होता का?

ते उशांवरून पुढे सरकून बसले.

"मला मालूम नाही," ते म्हणाले.

काकूंना राहवलं नाही. "अहो, चांगला होता म्हणा ना. इतक्या आशेनं विचारताहेत. तुमचं काय जातं?"

"दोन वर्षं जगला, तेवढं मी पाहिलं आहे. तिसऱ्या वर्षाचं मला विचारू नका, करमरकर. तिसरं वर्ष त्यांनी आपल्याला दिलंच नाही."

महिन्याभरात ते गेले.

परवा माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त इथल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. उकठ्याला न जुमानणारा वाण या प्रदेशाला करमरकरांनी दिला, असं वक्त्यांनी घोळून घोळून सांगितलं. ढमढेरे हे नाव त्या सभागृहात एकालाही ठाऊक नव्हतं. उत्तराला उभा राहिलो तेव्हा मी म्हटलं, तो वाण चांगला होता की नाही हे मला माहीत नाही. जो एक माणूस ते सांगू शकला असता, त्याचं शेत आपण खणून खड्ड्यात टाकलं. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. टाळ्या बराच वेळ चालल्या.